आव्ही

कवळी करणाऱ्या माणसाला ती वापरणाऱ्याचा चेहरा बहुधा ठाऊक नसतो. दातांच्या डॉक्टरांकडून ठसा येतो. ठशात प्लॅस्टर ओतायचे, ते घट्ट झाले की हाती येते एक पांढरेफटक, उघडे, मुके तोंड. त्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात रोवायचा आणि कोणा अनोळखी माणसाला पुन्हा बोलते करायचे. या कथेतील माणूस हे काम मिसरूड फुटल्यापासून करीत आला होता. गल्लीत त्याला कवळीवाला म्हणत. घरी, तीन भावंडांत दुसरा म्हणून, मधला.

त्याची कामाची खोली एका पुस्तकबांधणीच्या दुकानामागे होती. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची आंधळी भिंत. एका बाजूस गॅसची शेगडी, दुसऱ्या बाजूस लाकडी फळ्यांवर मांडलेली प्लॅस्टरची तोंडे. खळीचा, गरम मेणाचा आणि घासलेल्या दातांच्या भुकटीचा असा एक संमिश्र वास तेथे कायम भरून असे.

प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत हातांना दुसरे काम नसते. त्या रिकाम्या वेळात कवळीवाला कादंबरी लिहीत असे. शाळा त्याची लवकर सुटली होती. परंतु वाचनालयातील कपाटे त्याने वाळवीच्या चिकाटीने उपसली होती, आणि त्या वाचनाने त्याच्या मनात एक विलक्षण आकांक्षा रुजवली होती. त्याला एक संपूर्ण नगर निर्माण करायचे होते. कोणी कधीही न पाहिलेले, तरीही वाचणाऱ्याला आपण तेथे राहून आलो आहोत असे वाटावे, असे. नदी कोठून येते हे त्याने ठरवले होते. कर कोणी भरायचा, न्याय कोणी करायचा, कोणत्या धंद्याच्या माणसाने कोणत्या रंगाची टोपी घालायची, हेही ठरले होते.

"तुझ्या गावात पाणी किती वाजता येतं रे?" ताईने एकदा शिवणयंत्रावरून मान वर न करता विचारले होते. ही त्याची थोरली बहीण. ती घरीच पडदे आणि गणवेश शिवून देत असे.

"तिथे दिवसभर पाणी असतं."

"मग खोटं आहे तुझं गाव," ताई म्हणाली आणि तिने दातांनी दोरा तोडला.

हेच मत निराळ्या शब्दांत संपादकांनी दिले. संपादक म्हणजे एका बंद पडलेल्या मासिकाचे निवृत्त संपादक; त्यांची वरची कवळी कवळीवाल्याने केली होती, आणि त्या उपकाराची फेड म्हणून की काय, त्यांनी पहिली काही प्रकरणे वाचून काढली होती.

"तुमच्या नगराला वेशी आहेत, कायदे आहेत, टोप्या आहेत," ते म्हणाले. "माणसं कुठायत?"

"आहेत की. तिसऱ्या प्रकरणात बाजार आहे."

"बाजार आहे हो. पण त्या बाजारात बायको नवऱ्याला हाक काय मारते? भांडण झालं की कोणता शब्द वापरतात आणि कोणता गिळतात? गाव नकाशावर उभं राहत नाही, हाकेवर राहतं. त्यांना एक असा शब्द द्या जो आपल्याकडे नाही, आणि ज्याच्यावाचून त्यांचा एक दिवस निघत नाही. मग बघा, टोप्या आपोआप डोक्यावर चढतील."

हे शब्द मनात घोळवीत कवळीवाला घरी आला, आणि आईकडे पाहताच त्याला तो शब्द कोठे शोधायचा ते कळले.

त्याचा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. एका परक्या बंदरात तो फिरायला म्हणून उतरला आणि पुन्हा बोटीवर चढला नाही. कंपनीने एवढेच कळवले. पुढे ना बरे कळले, ना वाईट. त्या दिवसापासून आईची एक चमत्कारिक अडचण झाली होती. जिन्यात कोणी नवी शेजारीण सहज विचारी, "तुम्ही घरात किती जण?" आई तोंड उघडी, आणि मिटून घेई. 'आम्ही तिघं' म्हणावे तर धाकट्याला स्वतःच्या हाताने पुसून टाकल्यासारखे व्हायचे. 'आम्ही चौघं' म्हणावे तर पुढचा प्रश्न ठेवलेलाच. हळूहळू तिने 'आम्ही' हा शब्दच टाकला. मागोमाग 'आपण'ही गेला. शेवटी तिने कवळी काढून फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. "बोलायचं काय आणि चावायचं काय," एवढे बोलून ती खिडकीशी बसू लागली.

कवळीवाल्याने विचार केला. आपल्या भाषेत 'आम्ही' म्हणजे समोरच्याला वगळून. 'आपण' म्हणजे समोरच्याला धरून. परंतु जो समोर नाही, बाजूला नाही, कोठे आहे हेही ठाऊक नाही, त्याला धरून बोलण्याची सोय कोणत्याच शब्दात नाही. त्याच्या नगरातील लोकांना ती सोय असली पाहिजे. तेथे हा शब्द सकाळी उठल्यापासून लागत असला पाहिजे. त्याने मेणाचा हात पुसला आणि कागदावर लिहिले: आव्ही.

त्याने तो तोंडाने म्हणून पाहिला आणि त्याच्या धंद्याच्या नजरेला एक मौज दिसली. 'आम्ही'तला 'म' आणि 'आपण'मधला 'प' नुसत्या ओठांनी निघतात. बोळक्या तोंडालाही ते जमतात. 'व्ह' मात्र वरचे पुढचे दात खालच्या ओठावर टेकल्याखेरीज निघत नाही. म्हणजे दातांवाचून न येणारा शब्द आपण घडवला! तो स्वतःशीच हसला. कागद त्याने इतर कागदांत ठेवून दिला. कोणाला दाखवला नाही, की कोणाजवळ बोललाही नाही.

पुढच्याच आठवड्यात तारबाई आल्या. त्या पूर्वी तार खात्यात होत्या, म्हणून हे नाव. सोबत त्यांचा भाचा होता; मावशीची पर्स आणि छत्री सांभाळणारा, केस विरळ होत चाललेला, हसतमुख गृहस्थ. किरकोळ दुरुस्ती असली तर डॉक्टर लोकांना थेट इकडेच पाठवीत.

"दात छान आहेत हो," तारबाई म्हणाल्या. "खाता येतं, बोलता येतं, भाच्याला रागावता येतं. एक शब्द तेवढा अडतो."

"कोणता?"

बाईंच्या तोंडून 'आही'सारखे काहीतरी फुसकन निघाले. त्यांनी वैतागून अंगठ्याने वरचे दात खाली ओढून धरले आणि पुन्हा म्हटले. या वेळी शब्द लख्ख आला.

"आव्ही."

कवळीवाल्याच्या हातातील कानस टेबलावर पडली.

"काय म्हणालात?"

"आव्ही हो. आव्ही बसतो, आव्ही उठतो. रोजचाच शब्द. नेमका तोच म्हणता येत नसेल तर दात काय शोकेसमध्ये ठेवायला केलेत?"

"मावशीला तो उठता बसता लागतो," भाचा म्हणाला. "मीच म्हटलं, चल, नीट करून घेऊ. रोज तिची चिडचिड बघवेना."

कवळीवाल्याने विचारले, "तुम्ही... म्हणजे घरी किती जण असता?"

भाच्याने बुटांकडे पाहिले. तारबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुण्यांसमोर लहान मुलाने काही भलते बोलावे आणि मोठ्यांनी ओशाळावे, तसा संकोच होता.

"आव्ही म्हटल्यावर मोजायचं नसतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरी शिकवलं नाही का कुणी?"

सवयीच्या हातांनी कवळीवाल्याने वरचे पुढचे दात किंचित लांब करून दिले. बाईंनी आरशात पाहून शब्द म्हटला, आणि त्या प्रसन्न होऊन निघून गेल्या.

मोजायचे नसते. हा नियम त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. नगराच्या शिष्टाचारावर त्याने दोन प्रकरणे लिहिली होती आणि त्यात हे नव्हते. आणि आता ऐकल्यावर असे वाटत होते की त्याच्याशिवाय तो शब्द उभाच राहू शकत नाही. त्याने ते लिहून घेतले. भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. भिंतीवर आपण हौसेने खिडकीचे चित्र काढावे, आणि त्या चित्रातून गालाला वारा लागावा, तसे काहीसे वाटले.

त्यानंतर तो शब्द त्याला अधूनमधून भेटू लागला. एकदा बसमध्ये त्याच्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ एकटाच बसला होता. थांबा जवळ आला तसा तो उठला आणि कंडक्टरला म्हणाला, "आव्ही उतरतो इथे." कंडक्टरने घंटा ओढली. गृहस्थ खाली उतरला. बस निघायला हवी होती, ती निघाली नाही. एखादे सावकाश उतरणारे माणूस पायरीवरून खाली येईतोवर जेवढे थांबावे लागते, तेवढी ती थांबली. घाईची वेळ होती, तरी कोणी कुरकुर केली नाही. मग कंडक्टरने दोनदा घंटा ओढली.

कवळीवाला घरी येऊन ताईला म्हणाला, "तू आव्ही हा शब्द ऐकलायस?"

"आम्ही म्हण. तुला काय दात पडले?" ताई म्हणाली.

आईने खिडकीतून मान वळवून त्याच्याकडे पाहिले.

सारे लिखाण घेऊन तो पुन्हा संपादकांकडे गेला. पत्नी वारल्यापासून ते दोन खोल्यांत एकटे राहत. त्यांनी भिंग लावून नवी प्रकरणे वाचली. वाचताना ते मधूनच खुर्चीत ताठ होत होते.

"शब्द फार उत्तम केलात," ते अखेरीस म्हणाले. "मी जन्मभर शब्दांत घालवला, पण हा पहिल्यांदाच वाचतोय. आता गाव हलायला लागलं. पण एक खोट आहे."

"सांगा."

"तुमच्या नगराची ही रीत फुकटची आहे. नसलेला माणूस या शब्दाने आत येतो, बसतो, हसतो, आणि कुणालाच सरकावं लागत नाही? असा एक समाज दाखवा मला, ज्याच्या रीतीची झळ कुणालाच लागत नाही. तो आत आला, तर सरकलं कोण? ते लिहा. नाहीतर वाचक म्हणेल, गोड आहे, पण खरं नाही."

त्यांनी कागद नीट जुळवून परत दिले आणि आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहून ते उठले.

"बरं, या आता. आव्हांला जरा आडवं व्हायचंय."

जिना उतरेपर्यंत कवळीवाल्याच्या ते ध्यानात आले नाही. फाटकाशी आल्यावर तो जागीच थांबला. आव्हांला. शब्दाची ही विभक्ती त्याने ठरवलीच नव्हती. आव्ही चालतो, आव्ही जेवतो, एवढेच त्याने लिहिले होते. तो शब्द वाकवावा कसा, या प्रश्नाला तो जाणूनबुजून बगल देत आला होता. संपादकांनी मात्र तो असा सहज वाकवला होता, जसा आजवर शेकडो पिढ्यांच्या जिभांनी वाकवून गुळगुळीत केला असावा. आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर आपण काही निराळे बोललो याची खूणही नव्हती. कवळीवाल्याने वर पाहिले. संपादकांच्या खिडकीचा पडदा कोणीतरी आतून ओढून घेत होते. तो हात म्हाताऱ्या पुरुषाचा नव्हता.

तारबाईंची खालची कवळी दुरुस्त करून द्यायची होती. ती पोचवायला तो एका दुपारी त्यांच्या घरी गेला, तेव्हा भाचा जिन्यात बसलेला दिसला. भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन. वर दार उघडेच होते. आतून दोन बायकांचे बोलणे ऐकू येत होते. एकमेकींच्या वाक्यात वाक्य घालून, एकीचे संपण्याआधी दुसरीने हसून, जसे फक्त बहिणी बोलतात तसे.

"तुम्ही इथे का?" कवळीवाल्याने विचारले.

"आत बसल्यात ना दोघी," भाचा म्हणाला. "माझी आई आणि मावशी."

त्याची आई फार पूर्वी गेली होती. डॉक्टरांनी बोलण्याच्या ओघात ते एकदा सांगितले होते.

"मग आत जा की. दार उघडंय."

"गेलो होतो. मावशी ओळखत नाही आता मला. आईही नाही. बसा म्हणतात, पाणी देतात, मग दोघी गप्प होतात. परक्यासमोर कसं बोलणार?" तो हे सारे हवापाण्याविषयी बोलावे तसे सांगत होता. "हट्ट माझाच होता. मीच तिला तुमच्याकडे घेऊन आलो, त्या शब्दापायी. ज्याच्या धडपडीने शब्द तोंडात बसतो, त्यानेच सरकायचं असतं."

"मी लांब करून दिले ते दात. मग मी कसा नाही सरकलो?"

"तुम्ही परके हो. सरकायला आधी आत असावं लागतं."

कवळीवाल्याने विचारले, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं. पण ऐका तरी जरा."

दोघांनी ऐकले. आत एकीने काहीतरी नक्कल केली असावी. दुसरी इतकी हसली की तिला ठसका लागला. भाच्याच्या चेहऱ्यावर देवळाच्या दाराशी उभ्या माणसाचा भाव होता.

त्या संध्याकाळी कवळीवाल्याने तो नियम आपल्या नगरासाठी लिहून काढला. लिहिताना हात अडला नाही. मेणात दात अचूक बसला की बोटाला एक बारीकशी ओढ जाणवते, ती जाणवली. वाक्य बसले. संपादक म्हणत होते ते खरेच होते: आता नगरात खोट राहिली नव्हती.

आणि दुसऱ्या सकाळी आई खिडकी सोडून त्याच्या अंथरुणाशी येऊन उभी राहिली.

"मला दात कर," ती म्हणाली.

"ट्रंकेत आहेत ना, आई."

"ते सैल झाले. नवे कर." मग ओठांची धडपड करून तिने काहीतरी म्हणून पाहिले. "आ... आही." पुन्हा म्हणून पाहिले. ओठ ओठावर आपटत होते, आणि मधून नुसतीच हवा जात होती. जिन्यात ऐकला असेल, नळावर ऐकला असेल. शब्द तिच्यापर्यंत पोचला होता.

ठसा त्याने स्वतः घेतला. जिने त्याला पहिला घास भरवला, तिच्या तोंडात त्याची बोटे होती. टाळू कागदासारखा पातळ झाला होता. प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत त्या दिवशी त्याने काहीच लिहिले नाही.

दात मेणात रोवून झाले, तेव्हा त्याच्या लक्षात आले की सारे आपल्या हातात आहे. वरचे पुढचे दात केसभर आखूड केले की झाले. आई जेवेल, बोलेल, ताईला रागावेल. 'आम्ही' म्हणेल, 'आपण' म्हणेल. तो एक शब्द तेवढा तिला कधी साधणार नाही, आणि चूक कोणाची हे जगात कोणालाही कळणार नाही. घासायचे चाक त्याने चालू केले. ते फिरत राहिले. त्याने बंद केले.

"ताई," त्या दुपारी जेवताना तो म्हणाला, "समज, धाकटा परत आला आणि त्याच्या बदल्यात मी गेलो, तर?"

"कुठे, बोटीवर? तुला नावेत बसलं तरी उलटी होते."

"समज ना."

ताईचा घास हातात राहिला. "असं समजायला मला येत नाही," ती म्हणाली. "तू मधला आहेस. मधला काढला तर नुसती दोन टोकं राहतात." मग घसा साफ करून तिने नेहमीचा आवाज आणला. "आणि कवळ्या कोण करील? धाकटा? त्याला धड स्क्रू पिळता येत नाही."

आई दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. तिने भात बोटांनी अगदी बारीक कुस्करला होता, तरी ती जेवत नव्हती.

कवळीवाला कामावर परतला. त्याने आपल्या मनाशी खोटेपणा केला नाही. आईचे दुःख हे एक कारण होते. धाकट्याची माया हे दुसरे. परंतु त्या दोहोंच्या तळाशी आणखी काही होते. जे आपण नुसत्या कागदावर उभारले असे समजत होतो, ते खरोखरच आहे की नाही, हे पाहण्याची तहान. ज्याने नगर रचले त्याने नगराचा नियम आपल्यापुरता आखूड करायचा, हे त्याला पटेना. त्याने दात पूर्ण मापाचे ठेवले.

कवळी साच्यात शिजून घट्ट झाली, थंड झाली, घासून तिच्यावर चकाकी आली.

भर दुपारी, स्वच्छ उजेडात, त्याने आईला खुर्चीवर बसवून दात तोंडात बसवले. बसलेले गाल भरून आले. ताईने हातातले कापड खाली ठेवले. "आई, तुझा चेहरा परत आला गं!"

"बोल," तो म्हणाला. "पाणी."

"पाणी."

"माणूस. फूल. वारा."

"वारा," आई म्हणाली. वरचे दात ओठावर अलगद टेकले.

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "छान झालेत रे, मधल्या."

मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून दाराकडे गेली.

"आव्ही जेवायला बसू या आता," ती म्हणाली.

काही झाले नाही. घर स्तब्ध होते. मग कवळीवाल्याला जाणवले की जिन्यात कोणाची तरी पावले वाजत आहेत, आणि ती बऱ्याच वेळापासून वाजत असावीत.

"मी बघतो," तो म्हणाला.

त्याने दार उघडले. अरुंद बोळातून समोरून कोणी आले की आपण नकळत अंग चोरून वाट देतो, तसे त्याने अंग चोरले. त्याच्या बाहीला ओलसर, खारट गारवा घासून गेला. तो सरळ झाला तेव्हा बाहेर जिन्याच्या चौकात उभा होता, आणि दार त्याच्यासमोर ओढून घेतलेले होते.

आत खुर्ची सरकली.

"अरे, केवढा काळवंडलास!" ताई ओरडली.

कोणीतरी हसले. ते हसणे शेवटी फुटत गेले, जसे लहानपणापासून फुटत असे.

आणि आई बोलत होती. इतक्या काळाचे साठलेले सारे बोलत होती. दर वाक्यात तो शब्द येत होता, आणि दर वेळी 'व्ह' निखळ उमटत होता. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. कवळीवाला डोळे मिटून ऐकत राहिला. आयुष्यात इतके अचूक काम त्याच्या हातून झाले नव्हते.

बऱ्याच वेळाने त्याने दार वाजवले.

ताईने उघडले. तिच्या चेहऱ्यावर हसू अजून ओले होते. त्याला पाहताच ते तिने घडी घालून ठेवावे तसे बाजूला ठेवले आणि पदर सावरला.

"आपण कोण?"

आपण. समोरच्याला आपल्यात ओढून घेणारा शब्द तो हाच. आणि त्याला अदबीने उंबऱ्याबाहेर उभा करणाराही हाच. जन्मभर तो दोन्ही बोलत आला होता, आणि त्याच्या हे कधी ध्यानात आले नव्हते.

"मी कवळीवाला," तो म्हणाला. "दात नीट बसले का, एवढंच विचारायला आलो होतो."

"हो का! थांबा हं." ती आत वळली. "आई, दात करणारे आलेत. नीट बसलेत का विचारतायत."

"अगदी बसलेत म्हणावं," आईचा भरलेला, ठणठणीत आवाज आला. "भलं होवो त्यांचं."

"बसलेत म्हणते." ताई ओशाळून हसली. "आम्ही जरा जेवायला बसतोय, म्हणून... बरं." आणि कोणाच्या तोंडावर दार लावल्यासारखे वाटू नये, अशा बेताने तिने ते हळूहळू लावून घेतले.

तो जिन्याकडे वळला.

जिन्यात माणसे बसली होती. कोणी गणवेश घातलेले, कोणी मांडीवर पिशवी धरलेले, एक वृद्ध बाई हनुवटी काठीवर टेकून. येणाऱ्याजाणाऱ्याला वाट राहील अशा बेताने सगळी भिंतीला टेकून होती आणि ज्याच्या त्याच्या दाराकडे कान देऊन होती. या जिन्याने तो रोज चढत उतरत आला होता. त्यांना तो रोजच ओलांडत आला असला पाहिजे.

सर्वांत वरच्या पायरीवरच्या माणसाने मान वर न करता गुडघे जवळ ओढले आणि शेजारची जागा तळहाताने पुसली.

"या," तो हळू आवाजात म्हणाला. "आपण इथे बसू."